शंख चालतो, हाड चालत नाही

गोवा, दमण आणि दीव हा तेव्हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्यामुळे फोंड्यात वाढलेल्या, बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला कधीही दीवला हजर व्हायचा कागद येऊ शकत असे, आणि मला तो आला. आमच्या कचेरीत त्या बदलीला काळं पाणी म्हणत. आधी मुंबई, मग काठेवाड, मग उन्यापर्यंत एसटी आणि उन्याहून पुढे बेट. (गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, एवढ्याचसाठी तिथे जायला एका पायावर तयार असलेले दोघे-तिघे खात्यात होते. त्यांची बदली कधी झाली नाही.) मी मात्र तिथे रमलो, आणि त्याचं कारण तिथला दगड.

मी चिऱ्याच्या मुलखातला. आमच्याकडे जमीन खणली की तांबडा जांभा निघतो. त्यात लोखंड भरपूर, चुना जवळजवळ नाहीच. घराला लागणारा चुना आम्हाला समुद्राकडूनच घ्यावा लागे. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं गोळा करायची आणि भट्टीत भाजायची. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी बसवलेले पातळ शिंपले गोव्यात अजून कुठे कुठे दिसतात. म्हणजे भिंत तांबडी, पण तिला पांढरं करणारं, तिच्यात उजेड आणणारं जे काही असे ते शिंपल्याचं. दीवला उतरलो तर सगळंच उलटं. घर, विहीर, कुंपण, चर्च, तट, जिकडे पाहावं तिकडे एकच फिकट पिवळसर दगड. त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला तिथे बेलं म्हणतात. खाणीतून नुकतं काढलेलं बेलं ओलसर आणि इतकं मऊ असतं की करवतीने कापता येतं. वारा लागला की ते कडक होत जातं. १५३५ साली गुजरातच्या बहादुरशाहाशी तह करून पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला तो याच दगडावर आणि याच दगडात. १५३८ आणि १५४६ चे दोन मोठे वेढे त्याने झेलले. जवळच नायडा गुंफा आहेत. बांधकामासाठी दगड काढता काढता त्या झाल्या असं सांगतात. आत उभं राहिलं की भिंतींवर तिरपे थर दिसतात, काही एका बाजूला कललेले, त्यावरचे दुसऱ्याच बाजूला.

आमच्या कामावर एक वयस्क सलाट, म्हणजे पाथरवट, होता. हा दगड कसला, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो बेल्यावर हात फिरवत म्हणाला, "साहेब, आ तो दरियो छे." मला ते बोलणं कवितेसारखं वाटलं आणि मी सोडून दिलं. पुढे कचेरीतल्या सौम्य आम्लाचे दोन थेंब बेल्यावर टाकले तर फसफसून फेस आला. चुनखडी आहे हे कळलं. मग भिंग लावून पाहिलं, आणि सलाट कविता करत नव्हता हे ध्यानात आलं.

भिंगाखाली तो दगड दगड राहत नाही. सगळे दाणे. काही गोल, गुळगुळीत. काही शिंपल्यांचे तुटके कोपरे. मध्येच काठेवाडच्या काळ्या बेसाल्टचा एखादा ठिपका. आणि त्यांत लांबट, पांढरी, चिनी मातीसारख्या झिलईची बारीक कवचं, बहुतेक एक मिलिमीटरहून लहान. लोकरीचा गुंडा करताना धागा जसा एकावर एक फिरवतात तसे त्यांचे कप्पे स्वतःभोवती फिरलेले. ही फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची घरं. जीव एका पेशीचा, त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. तरीही समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम वेचून तो एक कप्पा बांधतो, वाढला की दुसरा बांधतो. त्यांच्यातल्या मिलिओलिड नावाच्या कुळावरून या दगडाला मिलिओलाइट म्हणतात. हे नाव रूढ केलं हेन्री जॉन कार्टर यांनी, १८४९ साली. कार्टर मुंबईत कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य होते आणि फावल्या वेळात असे सूक्ष्म जीव पाहत बसत. पोरबंदरचा म्हणून मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरला गेला तो दगड हाच. फोर्टात उभ्या असलेल्या मराठी वाचकाने एखाद्या कोरीव कमानीला हात लावला असेल तर यातली काही घरं त्याच्या हाताखालून गेली असतील.

दगड कसा झाला यावर भूशास्त्रज्ञांचा वाद बराच काळ चालला. एका पक्षाचं म्हणणं, समुद्राने साठवला. दुसऱ्याचं, वाऱ्याने. समुद्रपक्षाची अडचण अशी की हाच दगड किनाऱ्यापासून पार आत, जुनागढच्या उपरकोटातही आहे (तिथली अडी-कडी वाव आणि नवघण कुवो या दोन्ही विहिरी तो कापूनच केल्या आहेत) आणि चोटिल्यासारख्या टेकडीवरही सापडतो. समुद्र तिथवर चढला असं मानायचं तर सगळं सौराष्ट्र बुडवावं लागेल. म्हणून आज साधारण असं मानतात की किनाऱ्यालगतचे थर काही प्रमाणात समुद्राचे, पण आतले बरेचसे वाऱ्याचे. हिमयुगात पाणी बर्फात अडकलं की समुद्र मागे हटे, उथळ तळ उघडा पडे आणि त्यावरची कवचांची वाळू वारा उचलून आत नेई. तिच्या टेकड्या होत. नायडा गुंफेतले तिरपे थर त्या टेकड्यांच्या उतारांचे असतात तसे आहेत. मग पाऊस. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, वरच्या दाण्यांतला थोडा चुना विरघळवतं, खाली झिरपतं आणि वाळताना तोच चुना दोन दाण्यांच्या सांध्यात सोडून जातं. बाहेरून सिमेंट आणावं लागत नाही. थोडी कवचं विरघळतात आणि बाकीच्यांना धरून ठेवतात. युरेनियम-थोरियम पद्धतीने या दगडाची जी वयं काढली आहेत ती साधारण पन्नास हजार ते दोन लाख वर्षांच्या दरम्यान पडतात. दख्खनच्या बेसाल्टची साडेसहा कोटी वर्षं पाहता हे कालचंच.

इथवर सगळं अभियंत्याच्या वहीतलं. खरी पंचाईत झाली ती गंगेश्वरात.

फुदम गावाच्या किनाऱ्यावर, त्याच खडकातल्या एका कपारीत, गंगेश्वर महादेव आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की लहानमोठी पाच शिवलिंगं. पांडवांनी स्थापली असं सांगतात. भरतीच्या वेळी समुद्र थेट आत येतो, लिंगांवरून जातो आणि मागे फिरतो. अभिषेकाला माणूस लागतच नाही. मी तिथे बसलो की आमच्या वडिलांचा एक नियम आठवायचा. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि सकाळची पूजा कधी चुकवत नसत. शंखातलं पाणी ते सगळ्या देवांवर घालत, फक्त बाणलिंगावर नाही. महादेवाला शंखोदक चालत नाही. ब्रह्मवैवर्त पुराणात याची कथा आहे. शंखचूड नावाचा असुर, तुळशीचा नवरा, विष्णूचा भक्त. शिवाने त्याला मारलं, त्याची हाडं समुद्रात फेकली आणि त्या हाडांचे शंख झाले. म्हणून शंखातलं पाणी सगळ्या देवांना प्रिय, एका शिवाला सोडून. पद्मपुराणात हीच गोष्ट जालंधर आणि वृंदा यांच्या नावाने येते. दीवला त्या जालंधराचंही स्थान आहे, गंगेश्वरापासून फार लांब नाही. म्हणजे त्या बेटावर मारणारा आणि मेलेला, दोघेही पुजले जातात.

आता पाहा. शिवाला शंखाचं पाणी नको. आणि इथे तो बसलाय ती कपार नखशिखान्त समुद्री कवचांची. वरून पाऊस पडतो तो त्या कवचांतून झिरपून खाली ठिबकतो. भरती येते ती त्याच खडकावर आपटून, त्याचे कण घेऊन आत शिरते. लिंगांना लागणारं सगळं पाणी कवचांना लागून आलेलं. शंखोदक नाही असं म्हणायला तिथे एकच सबब उरते: कवचं लहान आहेत.

रजेवर घरी गेलो तेव्हा हे बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "शत्रूच्या हाडातून पाणी कोण घेईल?" मी म्हटलं, "बाबा, त्याच्या गळ्यात तर माणसांच्या कवट्यांची माळ आहे. अंगाला चितेची राख." यावर ते म्हणाले, "ती त्याची त्याने घातली. तू घालू नकोस." हे उत्तर मला अजून आवडतं. पण त्यांच्या तोंडून 'हाड' हा शब्द गेला तो माझ्या डोक्यात राहिला. शंख म्हणजे हाड. एका गोगलगाईच्या जातीच्या प्राण्याचा सांगाडा, अंगाबाहेर वाढलेला. तो आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी, स्वतःच्या तिवईवर. आणि अंगणात कुत्र्याने आणून टाकलेलं हाडूक दिसलं तर आई गडबडीने शेणाने जागा सारवणार.

एकदा या दृष्टीने बघायला लागलं की घरभर तेच. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. चूल, भांडी, सगळं स्वच्छ. पण श्रावणी सोमवारीही जेवणानंतर विडा असे आणि विड्याला चुना, आणि तो चुना तिसऱ्यांच्या टरफलांचा. वैद्याच्या पुडीत शंखभस्म, कपर्दिक म्हणजे कवडीचं भस्म. देवळात मृदंग, त्यावर कातडं. चवरी वनगाईच्या शेपटीची. पितांबर रेशमाचा, आणि रेशीम कसं काढतात हे मला इथे सांगायला नको. कस्तुरी हरणाच्या पोटाखालच्या ग्रंथीतली. साधूच्या बसण्याखाली मृगाजिन. आणि हे सगळं पवित्र मानणारा समाज मेलेल्या जनावराला हात लावणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवत होता.

असा काही फरक करायचा तर त्याला काहीतरी कारण असणार असं धरून मी पोथ्या चाळायला लागलो. बाबांच्या संग्रहात मनुस्मृती होती. जिची २५ डिसेंबर १९२७ ला महाडला होळी झाली तीच. त्यातला पाचवा अध्याय शुद्धीचा. तिथे शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत यांच्या वस्तू कशा स्वच्छ कराव्यात ते एकाच श्लोकात सांगितलंय: तागाच्या वस्त्राप्रमाणे, मोहरीने, किंवा गोमूत्राने, किंवा पाण्याने. म्हणजे शंख आणि हाड एका रांगेत बसवलेत, कुठलाही गोंधळ नाही. त्याच अध्यायात माणसाच्या हाडाचा वेगळा नियम आहे. हाड ओलं असेल, त्यात मज्जेचा स्नेह असेल, तर शिवल्यावर स्नान. कोरडं असेल तर नुसतं आचमन करून गाईला स्पर्श करावा किंवा सूर्याकडे पाहावं, पुरे. हा नियम करणाऱ्याच्या मनात काय होतं ते माझ्यातल्या अभियंत्याला लगेच कळलं. त्याला हाडाची भीती नव्हती, हाडातल्या ओलाव्याची होती. जे सडू शकतं ते अशुद्ध. मग पूर्ण कोरडं झालेलं, सडण्यासारखं काही न उरलेलं हाड? त्या न्यायाने मिलिओलाइट हा जगातला अत्यंत शुद्ध पदार्थ ठरावा. लाख वर्षं त्यात चुन्याखेरीज काही नाही.

पण हा न्याय टिकत नाही. किनाऱ्यावर आज सकाळी सापडलेला शंख धुऊन संध्याकाळी पूजेत ठेवता येतो. उलट, शिरूरजवळ इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, कुंभांत पुरलेल्या लहान मुलांची हाडं निघाली. त्याहून कोरडं काय असणार? ती कुणी देव्हाऱ्यात ठेवेल? कातडं कमावून कोरडं झालं तरी चप्पल उंबऱ्याबाहेर आणि मृदंग गाभाऱ्यासमोर. म्हणजे ओल्या-कोरड्याचा हिशेब पोथीत आहे, व्यवहारात नाही. रसायनशास्त्र म्हणेल, हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि शंख कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा दोन्ही निराळी. खरं आहे. पण ही रेघ मारणाऱ्यांनी आम्लाची बाटली वापरली नव्हती. आणि कस्तुरी, चवरी, कातडं यांच्यात तर कार्बोनेट औषधालाही नाही.

मग एका जुन्या पुस्तकात मला हा प्रश्न आयता मांडलेला सापडला, आणि तोही एका चुकीचं उदाहरण म्हणून. दिङ्नागाच्या परंपरेतल्या शंकरस्वामी या बौद्ध पंडिताचा 'न्यायप्रवेश' हा तर्कशास्त्राचा छोटासा ग्रंथ आहे. ह्युएन त्सांगने ६४७ साली त्याचं चिनी भाषांतर केलं. हरिभद्र या जैन आचार्याने त्यावर टीका लिहिली. आनंदशंकर ध्रुवांनी तो १९३० साली बडोद्याच्या गायकवाड मालेत छापला. वाद घालताना कुठली विधानं मांडूच नयेत याची त्यात यादी आहे. प्रत्यक्षाला सोडून असलेलं मांडू नये, जसं ध्वनी ऐकू येत नाही. स्वतःच्याच बोलण्याला छेद देणारं मांडू नये, जसं स्वतःच्या आईला वांझ म्हणणं. आणि लोकांना अमान्य असलेलं मांडू नये. याचं उदाहरण असं: एकजण म्हणतो, माणसाची कवटी शुद्ध आहे, कारण ती प्राण्याच्या शरीराचा भाग आहे, शंख आणि शिंपला जसे असतात तशी.

हा युक्तिवाद कापालिकांचा असावा असं म्हणतात. कवटीतून खाणारी ती माणसं. त्यांना अशा युक्तिवादाची गरजही होती. मला त्यांच्या पंथाशी कर्तव्य नाही. मला नवल वाटलं ते खंडनाचं. शंकरस्वामी असं म्हणत नाही की शंख प्राण्याचा भाग नाही. असंही म्हणत नाही की शंख आणि कवटी यांत अमुक एक फरक आहे. हेतू खोटा ठरवत नाही, दृष्टान्त मोडत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की हे विधान लोकांच्या समजुतीविरुद्ध आहे, सबब वादाला घेऊ नये. दोन हजार वर्षांच्या तर्कपरंपरेने या प्रश्नावर केलेली ही एवढीच नोंद आहे असं नाही, पण जेवढं मी वाचलं त्यातलं हे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर. शुद्धी वस्तूत नाही. तिला शोधायला भिंग घेऊन बसू नका, सापडणार नाही. ती लोकांच्या कबुलीत आहे.

आणि लोक म्हणजे कोण? खुद्द शंकरस्वामीचे धर्मबंधू स्तूपांना प्रदक्षिणा घालत होते, आणि स्तूपांच्या पोटात बुद्धाच्या अस्थी ठेवल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा होती. ती माणसाचीच हाडं. आमच्या गोव्यात दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनाला ठेवतात. मागच्या वेळी नोव्हेंबर २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत होतं. आमच्या गावातली हिंदू माणसंसुद्धा रांगेत उभी राहून 'गोंयच्या सायबा'ला हात जोडून येतात, आणि घरी आल्यावर त्यातलं कुणी विटाळ झाला म्हणून आंघोळ केल्याचं मी पाहिलेलं नाही. तीच माणसं शेजारच्या मयतावरून आली की उंबऱ्याबाहेर उभी राहतात, आणि आधी पाणी अंगावर घेतल्याशिवाय आत येत नाहीत. कुठल्या मेलेल्या देहाला हात जोडायचे आणि कुठला देह टाळायचा हे देहाकडे पाहून कुणीच ठरवत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे एक स्नेही, वेदपाठशाळेत शिकलेले, म्हणाले, "तू पूजेचं रसायन करतोस. श्रद्धेला कारण लागत नाही. शंख पवित्र कारण आपण तो पवित्र मानतो, आणि मानण्यातच धर्म आहे." मी त्यांना म्हटलं, मला मान्य. अगदी पूर्ण मान्य. मी आजही बाणलिंगावर शंखाने पाणी घालत नाही. बाबांनी घातलं नाही म्हणून नाही घालत. शंखचूड होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. कपारीत बसलेल्या पाच लिंगांवर समुद्र जे घालतो ते समुद्राने पाहावं. पण 'मानण्यात' धर्म असेल तर ती जबाबदारी मानणाऱ्याची झाली, वस्तूची नव्हे. कवटी, शंख, कातडं यांची त्यात काही चूक नाही आणि काही पुण्यही नाही. मग कातडं हाताळणाऱ्या माणसाच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला विटाळ कुठून आला? तोही कुणीतरी मानला म्हणूनच ना? स्नेही म्हणाले, तो वेगळा विषय. मला तो वेगळा वाटत नाही. हा तोच विषय आहे, फक्त पूजेच्या खोलीतून बाहेर आलेला.

भट्टीत लाखो शिंपले जाळणारा चुनेवाला आमच्या गावात देवळाची दीपमाळ रंगवायला येई, आणि त्याच्याकडून कुणी अंतर राखत नसे. मेलेला बैल ओढून नेणारा माणूस मात्र विहिरीपासून लांब उभा. दोघेही मेलेल्या प्राण्याच्या अवशेषांवर पोट भरणारे. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हा पुढच्याच दिवसांत सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्या पंचगव्यात गाईचं मूत्र होतं, शेण होतं. पाणी कुणामुळे बिघडलं, कशाने सुधारलं, याचा वस्तूंच्या गुणधर्मांशी काडीचा संबंध नव्हता, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं.

ही जुनी गोष्ट नाही, आणि दीवपासून दूरचीही नाही. ज्या उन्यात मी एसटीतून उतरून बेटाची वाट धरायचो, त्याच उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावात ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित कुटुंबाला गोरक्षक म्हणवणाऱ्या टोळक्याने गाठलं. गाय मारल्याचा आरोप ठेवून त्यांना बडवलं. त्यांतल्या चौघांना उघडं करून, मोटारीला बांधून, उन्यात भर रस्त्यात पुन्हा काठ्यांनी मारलं आणि त्याचं चित्रण करून ते स्वतःच पसरवलं. मेलेली गाय उचलायचं काम या कुटुंबांना कुणी दिलं होतं? रूढीनेच. बाकीच्यांना ते अशुद्ध वाटत होतं म्हणून. आधी काम लादायचं, मग कामाचा विटाळ लादायचा, आणि मग तेच काम करताना सापडला म्हणून मारायचं. त्या १५ ऑगस्टला अहमदाबादहून निघालेली पदयात्रा उन्याला पोहोचली आणि हजारो लोकांनी मेलेली जनावरं यापुढे उचलणार नाही अशी शपथ घेतली. २६ एप्रिल २०१८ ला त्या कुटुंबाने आणि आणखी शेकडोंनी मोटा समढियाळ्यातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शंकरस्वामीने ज्या 'लोकां'पुढे आपला तर्क थांबवला, त्या लोकांतल्याच काहींनी आपली कबुली काढून घेतली.

महादेवाला शंखाने पाणी घालू नये, ही रूढी पाळल्याने कुणाचं काही जात नाही, म्हणून मी ती पाळतो आणि तिचं कारण मागत नाही. मेलेलं जनावर ओढणाऱ्याने आपल्या पाणवठ्याला शिवू नये, ही रूढीही आपल्याला त्याच आजोबांकडून आणि त्याच पोथीतून आली. तेवढ्यासाठी तिलाही तसाच मान द्यावा, असं म्हणणारे लोक मला अजून भेटतात. त्यांनी आधी आपल्या विड्यातला चुना काढावा, मग माझ्याशी बोलावं.